भागुबाईचा चाकू उघडत नाही

चारठाण्याच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला धनगरांची एक वाडी आहे. तिथं भागुबाईचं तोंडावर कौतुक करायची कुणाची छाती होत नसे. निंदा तिला चालायची. निंदेला ती दुप्पट निंदेनं उत्तर द्यायची आणि विसरून जायची. कौतुक मात्र खपायचं नाही. "मेंढरं लय सुरेख राखलीत भागामाय," असं एखादा पाहुणा चुकून बोलून गेला, तर ती त्याला पायाच्या अंगठ्यापासून टोपीपर्यंत सावकाश बघायची आणि म्हणायची, "तुझ्या दारात कुत्रं टिकंना, आन् तू मेंढरं पारखायलास व्हय?"

आणि हे ती खालच्या आवाजात म्हणायची. सगळी करामत तिथं होती. ओरडणारी माणसं वाडीत पुष्कळ होती, त्यांच्याकडं कुणी मान वळवूनही बघत नसे. भागुबाई आवाज उतरवायची, एक वाक्य टाकायची आणि थांबायची. समोरच्याला वाटायचं, सुटलो. मग दुसरं वाक्य यायचं. असं थांबणं ज्यांना जमतं ती माणसं एरवी रंगमंचावर जन्म काढतात. हिनं तो मेंढरांमागं काढला. पण प्रेक्षक तिलाही होते. ती पाण्याला आली की हापशावरच्या बायका हंडे भरून झाले तरी रेंगाळायच्या. आज कुणाची पाळी, हे ऐकल्याशिवाय त्यांना घरी जाववत नसे.

साडेचार फूट उंची, उन्हानं काळवंडलेला लहानसा चेहरा, कासोट्याचं लुगडं, कमरेला चंची. वय विचारलं तर म्हणायची, "दात मोज." आधार कार्डावर अडुसष्ट होतं, पण ते लिहिणाऱ्यालाही ती अडाणी समजायची. नवरा येडबा जाऊन अकरा वर्षं झाली होती. मऊ स्वभावाचा माणूस. त्याच्याबद्दल ती वर्षातून एकदा, त्याच्या तिथीला बोलायची, आणि तेही एवढंच, की त्याला मेंढरू धरता येत होतं. तिच्या तोंडून निघालेलं हे सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र. बाकी दुनियेला काहीच धरता येत नव्हतं. गुरांचा डॉक्टर गाडीतून उतरताना बूट सांभाळतो म्हणून नालायक. ट्रॅक्टरवाले बसून शेती करतात म्हणून नालायक. मोबाईलमध्ये बघून भाजी करणारी सून मनिषा तर रोज दोन वेळा नालायक. आणि चाळीस वर्षांत एकदाही, अगदी चुकून दुधात मीठ पडलं तेव्हासुद्धा, "माझं चुकलं" हे दोन शब्द तिच्या तोंडून वाडीनं ऐकले नव्हते. त्या दिवशी चूक मिठाच्या डब्याची होती.

या बाईनं ज्या मोजक्या वस्तूंना कधी नावं ठेवली नाहीत, त्यातली एक म्हणजे तिचा चाकू. घडीचा, पितळी मुठीचा, मुठीवर दोन्ही अंगांनी शिंगाच्या पट्ट्या आणि आत जाड पोलादी पातं. पात्याच्या पाठीजवळ नखाएवढी खाच होती. तिच्यात अंगठ्याचं नख अडकवून ओढलं, की पातं आतल्या कमानीवरून फिरून 'खट्ट' करून उभं राहायचं. सव्वीस वर्षांपूर्वी गंगाखेडच्या बाजारात तिनं तो स्वतः पारखून घेतला होता. तेव्हापासून तो चंचीत, तंबाखूच्या शेजारी असायचा.

त्याचं काम एकच. मेंढरं खडकाळ रानात चरली तर खुरं आपोआप झिजतात. पण पाऊस लांबला, रान मऊ राहिलं, की खुरांच्या कडा वाढतात, आत वळतात, वळणात चिखल बसतो आणि आतून कुजायला लागतं. मेंढरू लंगडतं, कळपामागं पडतं, खाणं सोडतं. मग त्याला बसवायचं, पाय आपल्या मांडीत दाबायचा आणि वाढलेली कड तासून काढायची. एक सूत जास्त गेलं तर रक्त येतं, एक सूत कमी गेलं तर कूज तशीच राहते. भागुबाईच्या हाताला हे सूत माहीत होतं. स्वतःची साठ मेंढरं तर होतीच, शिवाय आसपासच्या तीन वाड्यांतली माणसं आपलं लंगडं जनावर खांद्यावर घालून तिच्या अंगणात आणायची, आणि जनावर बरं होईपर्यंत शिव्या खात उभी राहायची.

याच चाकूवरून तिनं एकदा पैज मारून ठेवली होती. तीन वर्षांपूर्वी बजरंग नावाचा मेंढरांचा व्यापारी वाडीत आला होता. तिचा मुलगा परमेश्वर पारावर सगळ्यांसमोर म्हणाला, "माय, देऊन टाक आता. किती दिवस डोंगर चढतीस?" भागुबाईनं चंचीतून चाकू काढला, अंगठ्यानं खट्कन उघडला, मिटला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "ज्या दिवशी ह्यो माझ्या हातानं उघडला न्हाई, त्या दिवशी मेंढरं ने. इचारायला बी येऊ नको." पार हसला. बजरंग रिकाम्या टेम्पोनं परत गेला. परमेश्वरानं मात्र ते वाक्य जपून ठेवलं.

आणि यंदा दिवाळी आठ दिवसांवर असताना, गुरुवारी सकाळी, चाकू उघडला नाही.

भोरी नावाची म्हातारी मेंढी पुढचा डावा पाय टेकत नव्हती. भागुबाईनं तिला बसवलं, पाय मांडीत घेतला, चाकू काढला, खाचेत नख घातलं आणि ओढलं. पातं तीळभर हललं आणि थांबलं. तसा तो गेली कित्येक वर्षं घट्टच होत चालला होता. जरा जास्त जोर लावला की यायचा. तिनं जोर लावला. नख मुळापासून तुटलं. भागुबाईनं त्या रक्ताळलेल्या अंगठ्याकडं बघितलं आणि त्यालाच म्हणाली, "तू बी परम्याच्या वळणावर गेलास का?"

मग घरात जाऊन तिनं देवापुढची तेलाची वाटी आणली आणि चाकूच्या सांध्यात चांगलं तेल सोडलं. अर्ध्या तासानं परत ओढून बघितलं. पातं आलं नाही. अंगण झाडणारी मनिषा हे सगळं बघत होती. तिनं ते संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. त्यात वाईट हेतू नव्हता. सासूच्या अंगठ्याला हळद लावायला गेल्यावर सासू "आदी झाडू धरायला शीक" म्हणाली होती, एवढंच.

परमेश्वर जिंतूरला खताच्या दुकानात कामाला होता. पोरगा वाईट नव्हता. मागच्या पावसाळ्यात आई ओढ्यात घसरली होती. दोन तास तिथंच पडून होती, आणि भोवती मेंढरं गोळा झाली म्हणून एका गुराख्याला दिसली. तेव्हापासून पाऊस आला, की त्याचं खतांच्या पोत्यांत लक्ष लागत नसे. त्यानं चाकू हातात घेतला, पेटीतून पकड काढली, पातं पकडीत धरलं आणि ओढलं. चाकू उघडला.

"बघ. उघडतोय की. चाकूला काय झालं न्हाई, माय. हात गेलेत तुझे. वय झालं, त्यात लाजायचं काय?"

भागुबाईनं चाकू त्याच्या हातातून काढून घेतला आणि मिटला.

"पकडीनं तर डोंगर बी उघडंल," ती म्हणाली. "हात गेले का चाकू गेला, हे ठरवायला तुला पंच कुणी नेमलं?"

"बोलली तूच होतीस. समद्या पारासमोर."

"बोलले. मग?"

"मग सोमवारी बजरंगमामाला बोलावतो. तवर ठरव चाकू का हात ते."

असा तो खटला उभा राहिला, आणि सोमवारपर्यंत चार दिवस होते. रात्री भागुबाई गोधडीत हाताची मूठ उघडत होती आणि मिटत होती. हे तिनं कुणाला दिसू दिलं नाही.

शुक्रवारी परमेश्वराला आईची दया आली. मोबाईलमध्ये त्यानं एक व्हिडिओ बघितला होता. त्यात सांगितलं होतं म्हणे, की चाकूचा खिळा सैल झाला की पातं वाकडं चालतं आणि अडकतं. त्यानं ओट्यावर चाकू ठेवला आणि खिळ्याच्या डोक्यावर हातोडीचे तीन ठोके घातले. चौथा घालायच्या आत भागुबाईनं चाकू काढून घेतला. आता तो पकडीनंही येईना.

"व्हिडिओत त्याचा उघडला का?" तिनं विचारलं.

"उघडला की."

"मग त्यालाच आई म्हण."

शनिवारी ती चारठाण्याला व्यंकटरावाच्या दुकानात गेली. हार्डवेअरचं दुकान, व्यंकटराव गल्ल्यामागं बसून दुकानातल्या वस्तूंकडं अशा तऱ्हेनं बघायचा, की त्या जणू त्यानं स्वतः घडवल्या. चाकू हातात घेताच त्यानं नखानं ओढायचा प्रयत्न केला, चेहरा लाल केला आणि निदान सांगितलं. "गंज. आतनं गंजलाय."

"कुठं दिसायलाय गंज?"

"आतनं हाय म्हणलं ना." त्यानं डब्यातला फवारा आणून चाकूवर मारला. दुकानभर वास सुटला. पातं दोन बोटं आलं, आणि व्यंकटराव अशा थाटात बाजूला झाला, की आता टाळ्या पडतील. भागुबाईनं पातं मिटून बघितलं. जिथल्या तिथंच परत अडकलं. "मावशे, ह्याच्या नादी कामून लागायलीस?" तो म्हणाला आणि काचेच्या पेटीतून एक काळा, झगझगीत चाकू काढला. "ह्यो बघ. बटण दाबायचं. एका बोटानं. म्हातारी माणसं, लेकरं, कुणीबी."

भागुबाईनं बटण दाबलं. पातं उडून उभं राहिलं. तिनं ते अंगठ्यानं जरासं दाबून बघितलं. पातं वाकलं.

"व्यंकटराव," ती म्हणाली, "ह्यानं काय कापायचं?"

"काय बी. फळं, भाजी..."

"तुमच्याकडं मेंढरं केळं खातेत का केळ्याची अस्तेत?"

दुकानातले दोघे गिऱ्हाईक हसले. भागुबाई हसली नाही. रस्त्यानं येताना तिला त्या फवाऱ्याचा वास चंचीतून येत राहिला, आणि पहिल्यांदा तिला वाटलं, परम्या म्हणतो ते खरं असेल तर? एवढे सगळे हात लावतात आणि एकालाही काही सापडत नाही. म्हणजे चाकूत काही नसेलच तर? भोरी आता तीन पायांवर उभी होती. रविवारी भागुबाईनं दुसऱ्याकडून मागून आणलेल्या विळ्यानं तिचा खूर तासायचा प्रयत्न केला आणि रक्त काढलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या हातून मेंढराचं रक्त निघालं. मेंढी ओरडली. भागुबाईनं विळा भिंतीपलीकडं फेकून दिला.

रविवारी रात्री भाकरी वाढताना मनिषा भीत भीत म्हणाली, "आत्या, जिंतूरला बस स्टँडच्या मागं राजेश्री म्हणून हाय येक. माझी शिलाई मशीन जाम झाली व्हती, तिनं दुरुस्त केली."

"शिलाई मशीन आन् चाकू येकच का गं?"

"न्हाई. पण मशीन बी अशीच फिरंना झाली व्हती."

"त्यात तू शिवतेस काय, उशीची खोळ," भागुबाई म्हणाली. पण सोमवारी सकाळी पहिल्या जीपनं ती जिंतूरला निघाली. बजरंग दुपारी येणार होता.

राजेश्रीचं दुकान म्हणजे एक शटर, आत मशिनींची डोकी रचून ठेवलेली, दारात एक लाकडी बाक. पस्तिशीची बाई, ओढणी कमरेला खोचलेली, बोटं तेलानं काळी.

"दुकान चालवणारा बाप कुठाय?" भागुबाईनं विचारलं.

"बाप गेला तीन वर्षं झाले. मीच हाय."

"मग ऱ्हाऊ दे."

"ऱ्हाऊ द्या," राजेश्री म्हणाली आणि हातातल्या मशीनचा स्क्रू फिरवत राहिली. थांबवलं नाही, बसा म्हणाली नाही. भागुबाई दोन पावलं गेली आणि परत आली. अशी वागणूक तिला ओळखीची होती; फक्त आजवर ती या बाजूला उभी राहिली नव्हती. तिनं चाकू पुढं केला.

राजेश्रीनं तो हातात घेतला, पण उघडायला गेली नाही. चार दिवस ज्याच्या हातात चाकू गेला त्यानं आधी झटका मारला होता. हिनं तो ट्यूबलाइटपुढं धरला आणि मुठीच्या फटीतून आत बघितलं.

"पडला व्हता का?"

"न्हाई."

"पाण्यात ऱ्हायला व्हता?"

"मी काय बेडूक हाय का, पाण्यात ऱ्हायला?"

"ह्या खिळ्यावर हातोडी कुणी मारली?"

"पोरानं."

"काय करतो पोरगा?"

"खताच्या दुकानात हाय."

"तरीच," राजेश्री म्हणाली. भागुबाई गुपचूप बाकावर बसली. या पोरीच्या हाती एखाद्या माणसाला तुच्छ लेखायचं काम सोपवून निवांत बसता येईल, असं तिला वाटलं.

राजेश्रीनं आधी हातोडीचा गुन्हा निस्तरला. पातळ पट्टी फटीत घालून पितळी बाजू केसभर दूर केली. मग खाचेत अंगठ्याचं नख घालून ओढलं; पातं हललं नाही. तेव्हा ते जाड फडक्यात धरून अर्धं उघडलं, मिटलं, परत अर्धं उघडलं, आणि मान तिरकी करून ऐकत राहिली, एखादा जुना तबलजी कातडं ऐकतो तशी.

"गंज असता तर खरखरला असता," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "पातं वाकडं असतं तर येका जागी घासलं असतं. ह्यो सगळीकडं सारखाच वढायलाय. गुळाच्या पाकात हात घातल्यागत." तिनं मशीनची जाड सुई फटीत घातली आणि खरवडलं. टोकावर तपकिरी, काचेसारखा एक टवका आला. तिनं तो नाकाशी नेला. "तेल कंचं घालता ह्याच्यात?"

"चांगलं घालते. घाण्याचं, करडीचं. बाजारातलं पिशवीतलं न्हाई."

"कवा कवा?"

"दर खंडेनवमीला. देवापुढं ठिवते, हळदकुंकू लावते, तेल सोडते. यंदा जरा जास्तीच सोडलं. घट्ट झाला व्हता."

"आन् मधी मधी?"

"घट्ट झाला की सोडते."

"मग सैल व्हतो?"

"दोन-चार दिवस."

"आन् म्हैन्यानं?"

महिन्यानं आधीपेक्षा घट्ट व्हायचा. मग ती परत तेल सोडायची.

"मावशी, करडीचं तेल खायला लय चांगलं," राजेश्री म्हणाली, आणि या वेळी तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "पण सांध्यात घातलं की ते वाळतंय. वाळलं की रोगण व्हतंय. पूर्वी दारं-खिडक्याला लावायचे ना, तसलं. दर दसऱ्यानंतर माझ्याकडं धा मशिनी येतात अशाच, पूजा करून तेल पाजलेल्या. तुमच्या चाकूला गंज न्हाई, त्याला तुमी आतनं रंग दिलाय."

"किती वर्षांचा असंल ह्यो रंग?" भागुबाईनं विचारलं.

राजेश्रीनं सुईनं आणखी खोल खरवडलं. वरचा थर पिवळा, मग तांबडा, मग काळा. "तळाचं काळं धा-बारा वर्षांच्या अलीकडचं न्हाई. मला येक कळंना, मावशी. माझा अंगठा दिवसभर मशिनी फिरवतो, तरी माझ्यानं हलला न्हाई ह्यो. तुमी उघडत कशा व्हत्या?"

तिनं चाकू अर्धा उघडून थिनरच्या वाटीत बुडवला. रॉकेल आता मिळत नाही आणि रोगणाला पेट्रोल पुरं पडत नाही, म्हणून रंगाऱ्याचं थिनर. तासाभरानं ब्रश फिरवला. मग परत बुडवला, परत ब्रश. वाटीतलं थिनर आधी पिवळं झालं, मग कुंकवासारखं, मग गटारासारखं. आणि त्यातून वास आला तो थिनरचा नव्हता. भागुबाईच्या स्वतःच्या देव्हाऱ्याचा होता, खवट तेलाचा आणि हळदीचा. बारा वर्षांच्या खंडेनवम्या त्या वाटीत तरंगत होत्या. शेवटी राजेश्रीनं चाकू पुसला, मशीनच्या तेलाचा एकच थेंब सांध्यात सोडला आणि मिटून पुढं केला.

भागुबाईनं तुटक्या नखाचा अंगठा न वापरता दुसऱ्या बोटानं ओढलं. खट्ट.

"कुंकू मुठीला लावत जा. सांध्याला न्हाई," राजेश्री म्हणाली.

"देवाला काय लावायचं ते मला नको शिकवू," भागुबाई म्हणाली. पण मशीनच्या तेलाची छोटी बाटली तिनं मागून घेतली.

परतीच्या जीपमध्ये ती खिडकीला बसली होती. शेजारच्या बाईनं "कुठं गेला व्हतात?" विचारलं, तरी तिला तोडून टाकायचं भागुबाईला सुचलं नाही. चार दिवस ती परमेश्वराला मूर्ख म्हणत होती. व्यंकटरावाला, मनिषाला, व्हिडिओतल्या माणसालाही. ते मूर्ख होतेच, त्यात काही बदल नव्हता. पण बारा वर्षं आपल्या हातानं चाकूत रोगण ओतून वर दुनियेला शहाणपण शिकवणारी बाई एकच होती. हे कुणाला सांगायची गरज काय? चाकू उघडतोय. बजरंगासमोर उघडायचा, मिटायचा, चंचीत टाकायचा. संपलं.

संपलं नाही. ती वाडीत पोचली तेव्हा टेम्पो दारात होता, मेंढरं वाडग्यात दाटीवाटीनं कोंडली होती, आणि बजरंग खाटेवर बसून पाणी पीत होता. पारावरची माणसंही आली होती. असा खेळ फुकटात रोज बघायला मिळत नाही. भागुबाई सरळ मधोमध गेली, चाकू काढला आणि बोटानं उघडला. खट्ट.

"द्या बगू," बजरंग म्हणाला. त्यानं तो मिटला आणि करंगळीनं उघडला. परत मिटला, परत करंगळीनं उघडला. "भागामाय, हे तर माझी नात बी उघडंल." माणसं हसली.

परमेश्वर हसला नाही. तो हळू आवाजात म्हणाला, "माय, आता ह्यात काय ऱ्हायलं? दुरुस्त केल्यावर कुणाच्या बी हातानं उघडंल. तू हाताचं बोलली व्हतीस."

पोराचं बरोबर होतं. मऊ झालेला चाकू हाताबद्दल काहीच सांगत नव्हता. हाताबद्दल सांगणारं जे होतं ते थिनरच्या वाटीत राहिलं होतं, आणि ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं. परमेश्वराच्या हातोडीवर ढकलता आलं असतं. पोरानं ते मान खाली घालून कबूलही केलं असतं. पण चाकू हातोडीच्या आदल्या दिवशीच अडला होता, आणि ते बघणारी मनिषा दारात उभी होती. भागुबाईनं वाडग्याकडं बघितलं. भोरी कोपऱ्यात तीन पायांवर होती.

"माझं चुकलं," ती म्हणाली.

टेम्पोच्या ड्रायव्हरनं गाणं बंद केलं. मनिषाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. पारावरचा एक म्हातारा शेजाऱ्याला विचारत होता, "काय म्हणली? काय म्हणली?"

"बहिऱ्यानं परत इचारू नये, मी परत म्हणणार न्हाई," भागुबाई म्हणाली. "बारा वर्षं मी ह्याच्यात करडीचं तेल वतलं. ते आत वाळून रोगण झालं. दर खंडेनवमीला नवा थर. घट्ट झाला की आनखी तेल. असली अक्कल व्हती माझी. जिंतूरच्या त्या पोरीनं खरवडून दाखवलं, तिच्या अंगठ्यानं हलला न्हाई. त्या व्यंकटरावाच्या बापाच्यानं हलला न्हाई. तो रंग दिलेला चाकू मी बारा वर्षं ह्या नखानं उघडलाय, रोज. हाताला काय झालं न्हाई माझ्या. डोस्कं गेलं व्हतं. मेंढरं डोस्क्यावर लावली नव्हती मी, हातावर लावली व्हती."

बजरंगानं परमेश्वराकडं बघितलं, "बोलायला काय लागतंय," अशा चेहऱ्यानं.

तेव्हा मनिषा बोलली. सासूच्या समोर, परक्या माणसांत, पहिल्यांदाच. "खरं हाय ते. खोटं असतं तर आत्यांनी दुसऱ्याच्या नावावर टाकलं असतं."

याला चाळीस वर्षांचा पुरावा होता. परमेश्वर आईकडं बघत राहिला. तिची हनुवटी वर होती, पण चाकू धरलेली मूठ घट्ट आवळलेली होती. तो वाडग्यापाशी गेला आणि दाराची दोरी सोडली. मेंढरं अंगणात पसरली.

"बजरंगमामा," तो म्हणाला, "चहा घेऊन जा."

चहा घेऊन जा म्हणजे काय, हे व्यापाऱ्याला कळतं. बजरंग कुरकुरत उठला, टेम्पोचं मागचं फळकूट लावायला गेला. टेम्पोत आधीच्या वाडीतून घेतलेला एक एडका बांधलेला होता आणि तो मागचा पाय टेकत नव्हता. फळकुटाचा आवाज ऐकून भागुबाईची नजर तिकडं गेली.

"ह्याची खुरं कुणी तासली?"

"हाय येक मानवतला," बजरंग म्हणाला.

"माणूस हाय का उंदीर?" ती टेम्पोत चढली. कुणाचा हात न धरता चढली. "परम्या, वर ये, धर ह्याला. तसं न्हाई, जावयागत काय धरतोस, मांडीखाली घाल. बजरंग, तू तोंड धर. एडक्याचं."

साठ मेंढरं न्यायला आलेला बजरंग आपल्याच टेम्पोत उकिडवा बसला आणि एडक्याची शिंगं धरली. खुराची काळी, कुजकी कड सुतासुतानं खाली पडायला लागली. भागुबाईनं मान वर केली नाही. आवाज आणखी खाली उतरवला, जरा थांबली, आणि मग मानवतच्या त्या कधी न पाहिलेल्या माणसाच्या हातापासून सुरुवात केली. पारावरची माणसं टेम्पोजवळ सरकली.